रोजचं कोकण बातमीत आणायचंय? नव्या छायाचित्रकारांसाठी

जुलै उजाडला की आमच्याकडून पेपरच्या मुंबईतल्या डेस्कवर पाच फोटो जातात. पाण्यातून वाट काढणारी एसटी, घाटात कोसळलेली दरड, बंधाऱ्यावर आपटणारी लाट, धबधब्याखाली भिजणारे पर्यटक आणि चिखलात वाकून लावणी करणाऱ्या बायका. स्ट्रिंगर, म्हणजे पगारी नोकरीत नसलेला स्थानिक बातमीदार म्हणून पहिल्या वर्षी मी हेच पाच पाठवले. दुसऱ्या वर्षीही हेच. तेव्हा डेस्कवरून फोन आला, "चुकून गेल्या वर्षीचे आले का?" समोरचा टोमणा मारत नव्हता, त्याला खरंच शंका आली होती.

फोटो खोटे नव्हते. पण त्या वर्षभरात लावणीच्या बायकांतल्या दोघी कमी झाल्या होत्या आणि शेजारच्या दोन कुणग्यांत (भातखाचरांत) लावणीच झाली नव्हती. ते माझ्या फोटोत कुठंच नव्हतं, कारण मी दरवर्षी जिथं लावणी चाललीय तिथंच जाऊन उभा राहत होतो. पडीक कुणग्याकडे माझी पाठ होती.

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात राहून वृत्तछायाचित्रण सुरू करणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. तुमच्याकडे बरा मोबाइल किंवा जुना कॅमेरा आहे आणि शिकवायला कुणी नाही, असं धरून चाललोय. मलाही कुणी नव्हतं.

१. विषय नको, जागा निवडा

नवखा माणूस "स्थलांतर", "पर्यटनाचे दुष्परिणाम" असे विषय डोक्यात घेऊन बाहेर पडतो आणि दुपारी वैतागून परत येतो. स्थलांतर रस्त्यात भेटत नाही. २००१ ते २०११ या दोन जनगणनांच्या मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. २०११ मध्ये रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, सिंधुदुर्गात १०३६. आकडा मोठा बोलका आहे, पण त्याचा फोटो कसा काढणार?

मी असा काढला. वाडीतलं एक घर निवडलं. मे महिन्यात त्या घराच्या खळ्यात मांडव, तीन पिढ्या, मुंबईच्या नंबरच्या दोन गाड्या, पडवीत फणस फोडायला बसलेली आजी. जुलैत त्याच जागेवरून: दाराला कुलूप, खळ्यात गुडघाभर गवत, आणि तुळशीपुढे मात्र दिवा, कारण शेजारची काकी रोज येऊन लावते. गणपतीत पुन्हा माणसं. पाचव्या वर्षी मे महिन्यातही खळं सारवलेलं नव्हतं. उभं राहायची जागा चुकू नये म्हणून गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) एका चिऱ्यावर मी खूण करून ठेवलीय. लेन्स तीच, उंची तीच. तीन वर्षं यातला एकही फोटो छापून आला नाही, हेही सांगून ठेवतो.

तेव्हा घरापासून दुचाकीवर अर्ध्या तासात पोचता येईल अशा तीन जागा ठरवा. बंदर, एसटी स्टँड, आठवडा बाजार, जिल्हा परिषदेची शाळा, रेशन दुकान, काहीही चालेल. प्रत्येक ठिकाणी महिन्यातून एकदा तरी जायचं, बातमी असो नसो. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, ते वर्षानुवर्षं त्यांच्यात जाऊन. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे फोटो सावकाश बघा. गटारात उतरलेला माणूस कॅमेऱ्यासमोर अवघडलेला दिसत नाही, आणि एका दुपारच्या ओळखीत हे होत नसतं.

२. वर्ष आधी वहीत मांडा

कोकणात बातमीला तिथी असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी. तेव्हा बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळी विणायला माणसं पडवीत बसतात, आणि बरेचसे खलाशी गावी गेलेले असतात. बंदी संपल्यावर ते परतताना कुठल्या गाडीतून उतरतात ते बघा. मग तांडेल (बोटीचा म्होरक्या) कुठला आणि खलाशी कुठले, हे आपोआप विचारावंसं वाटेल. आंब्याचंही तेच. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेट्यांचे फोटो सगळ्यांनी काढले. पण त्या बागांत राखणीला आणि काढणीला असलेली नेपाळी माणसं, त्यांच्या खोपी, बागेतच खेळणारी त्यांची पोरं फार थोड्यांनी टिपली. आमच्याकडचे मुंबईला गेले आणि त्यांच्या जागी नेपाळहून माणसं आली, ही गोष्ट एका बागेच्या कुंपणाशी उभं राहून दिसते.

शिमगा, गणपती, दशावतार यांचे रंगीत फोटो वाट्टेल तेवढे निघतात. नव्या माणसानं तिथं एक करावं: पालखीकडे पाठ करून बघावं. पालखीला खांदा द्यायला कोण रजा टाकून आलंय, कोण उंबऱ्यातच उभं आहे, कुणाच्या दारी पालखी जातच नाही. आणि वहीत २० मार्च लिहून ठेवा. १९२७ मध्ये त्या दिवशी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. दरवर्षी तिथं लोक येतात. नारळीपोफळीच्या जाहिरातीत हे कोकण कधी येत नाही. आपण तरी आणावं.

३. साधनं

दुकानदार तुम्हाला लांब लेन्स विकायला बघेल. घेऊ नका. लांबून फोटो काढायची सवय लागली की माणसांशी बोलायची सवय लागत नाही. मला लागतं ते एवढं:

- कॅमेरा आणि ३५ किंवा ५० मिलिमीटरची एक लेन्स. किटमधली १८-५५ असली तरी भागतं. मोबाइल असेल तर त्याचा झूम विसरा, दोन पावलं पुढं जा.
- दोन मेमरी कार्डं, जादा बॅटरी. वादळात वीज चार-चार दिवस जाते. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात तर कित्येक गावांत त्याहून जास्त दिवस गेली होती.
- जाड प्लास्टिकच्या पिशव्या, रबरबँड, पंचा. महागडं रेनकव्हर उडून जातं.
- घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल.
- खिशात मावणारी वही आणि शिसपेन्सिल. पावसात बॉलपेन दगा देतं.

डब्यावर जरा थांबतो. आपल्या हवेत लेन्सला बुरशी धरते. आधी कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसतात, मग सगळे फोटो धुरकट येऊ लागतात. माझी पहिली चांगली लेन्स एका पावसाळ्यात अशीच गेली. कपाटात, चामड्याच्या केसमध्ये, नीट गुंडाळून ठेवली होती आणि नेमकं तेच चुकलं, कारण चामडं ओल धरतं. सिलिका जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर परतून घ्या. घरातले हसतील. बंदरावरून आल्यावर कॅमेरा ओलसर फडक्यानं पुसून लगेच कोरडा करायचा. खाऱ्या हवेचा थर दिसत नाही पण बटणं धरतो.

दुपारी बारा ते तीन वाळूवर प्रकाश इतका पांढरा असतो की उन्हात काम करणाऱ्याचा चेहरा काळा ठिक्कर येतो. प्रकाशाचं मोजमाप चेहऱ्यावरून घ्या, आभाळ पांढरं गेलं तर जाऊ दे.

४. कागदपत्रं आणि परवानग्या

- आधार किंवा दुसरं ओळखपत्र.
- ज्या दैनिकाला किंवा वाहिनीला फोटो देता त्यांचं, लेटरहेडवरचं साधं पत्र. शासनाची अधिस्वीकृती पत्रिका (सरकारमान्य पत्रकाराचं ओळखपत्र) माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून मिळते. नवख्याला ती लगेच मिळत नाही आणि तिच्यावाचून अडतही नाही.
- जिल्हा माहिती कार्यालयात एकदा जाऊन ओळख करून देणं. पुराच्या दिवसांत उपयोगी पडतं.
- बंदर, रेल्वे स्टेशन, सरकारी दवाखाना, शाळा: आत जाण्याआधी तिथल्या जबाबदार माणसाची परवानगी, शक्यतो लेखी.
- ड्रोन असेल तर २०२१चे ड्रोन नियम वाचा. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही, पण सरकारी नकाशावरच्या लाल आणि पिवळ्या (उड्डाणाला परवानगी लागणाऱ्या) क्षेत्रांचे निर्बंध त्यालाही आहेत. सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्या परिसरात नकाशा पाहिल्याशिवाय काही उडवू नका.

कायद्यानं बांधलेल्या दोन गोष्टी पाठ करून ठेवा. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही (भारतीय न्याय संहिता, कलम ७२). मुलांच्या बाबतीत पोक्सोचं (बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं) कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे. नुसता चेहरा धूसर करून भागत नाही. लहान वाडीत घराचा दरवाजा, मुलीची सायकल, अंगणातला माड दिसला तरी ओळख पटते.

५. बंदरावरचा पहिला दिवस

दापोली तालुक्यातल्या हर्णैला जा. मासळीचा लिलाव बघायला लांबून माणसं येतात. बोटी आत समुद्रात थांबायच्या आणि मासळी होड्यांनी, बैलगाड्यांनी किनाऱ्यावर यायची, अशी इथली जुनी रीत. पर्यटक बैलगाडीचा फोटो काढतात आणि जातात.

तुम्ही पहिला अर्धा तास कॅमेरा बाहेर काढू नका. कडेला उभे राहा, चपला हातात घ्या, नाहीतर ओल्या वाळूत रुततात. ढीग मांडला जातो तिकडे बघा. सुरमईच्या रांगेपाशी चार-पाच बायका उकिडव्या बसलेल्या असतात. एक जण बोटानं कल्ला उचलून आतला लाल रंग बघते. बोलीचा आवाज वाढतो तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीच नसतं, फक्त कमरेच्या पिशवीवरचा हात घट्ट होतो. भाव जमला नाही तर ती उठून पदर झटकते आणि पुढच्या ढिगाकडे जाते. कोकणातल्या बाईच्या हातात पैशाचा व्यवहार कसा असतो हे या एका हातात दिसतं. शंभर सूर्यास्तांत नाही दिसणार.

मग बोला. आधी ज्येष्ठ बाईशी: "मावशी, मी अमुक पेपरसाठी फोटो काढतो, चालेल ना?" मालवणकडे मला ठरलेला प्रश्न येतो, "आमचो फोटो पेपरात येतलो काय?" खरं सांगा. "सांगूक येणा नाय" हेही उत्तर चालतं. खोटं चालत नाही, कारण पुढच्या महिन्यात तिथंच जायचंय. एखादी नको म्हणाली तर कॅमेरा खाली. लांबून चोरून काढू नका, दुसऱ्या टोकाचा खलाशी बघत असतो.

पुढच्या खेपेला प्रिंट घेऊन जा. दहा-पंधरा रुपयांत पोस्टकार्डाएवढी निघते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून देतो म्हणू नका. प्रिंट हातात पडली की बाजूच्या चार जणी जमतात, आणि कोणाची बोट विकली, कोणाचा पोरगा दुबईला गेला, कुठल्या मासळीचा भाव पडला, सगळं तुम्हाला न विचारता कळतं. माझ्या निम्म्या बातम्या अशा आल्या.

६. रिकाम्या पाटीचा सापळा

ही माझी चूक आहे, म्हणून सविस्तर सांगतो. एका सकाळी डोक्यावर पाटी घेऊन चढण चढणाऱ्या काकींचा फोटो मला हवा होता आणि मी पोचेपर्यंत त्या माल उतरवून बसल्या होत्या. मी म्हटलं, "काकी, परत एकदा चढता काय?" त्या बिचाऱ्या चढल्या. उजेड सुरेख, फोटो पान एकवर. दोन दिवसांनी त्यांच्याच वाडीतले एक आजोबा पेपर घेऊन समोर आले. "झिला, ही पाटी रिकामी. भरलेली पाटी डोक्यार आसली काय मान अशी रवणा नाय."

डेस्कवर कुणाला कळलं नव्हतं. वाडीत सगळ्यांना कळलं होतं. तेव्हापासून मी कुणाला काही परत करायला सांगत नाही. क्षण गेला तर गेला. "जरा हसा" नाही, "इकडे बघा" नाही. चेहऱ्याचं पोर्ट्रेट हवं असेल तर तसं सांगून काढा आणि कॅप्शनमध्येही तसं लिहा. संगणकावर उजेड-काळोख थोडा सारखा करणं, कडा कापणं चालतं. तार पुसणं, माणूस काढणं, आभाळ बदलणं चालत नाही. हल्ली मोबाइल हे सगळं न विचारता करतो, ती सेटिंगं आधी बंद करा.

७. कॅप्शन

सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, आणि नवखे सगळ्यात जास्त इथंच मार खातात. "कोकणातील पारंपरिक मासेमारीचे विहंगम दृश्य" ही ओळ कोणत्याही वर्षी, कोणत्याही किनाऱ्याला लागू पडते. म्हणजे तिनं काहीच सांगितलं नाही.

अमेरिकेत १९०८ पासून लुईस हाइन बालमजुरांचे फोटो काढत होते. कारखान्यात शिरून मुलाचं नाव, वय, काम, मजुरी ते टिपून घेत. मुलाची उंची मोजायला पट्टी काढता येत नसे, म्हणून आपल्या जाकिटाचं कुठलं बटण जमिनीपासून किती उंच हे पाठ केलेलं असे. बालमजुरीविरुद्धच्या मोहिमेला त्या फोटोंचा आधार झाला, कारण मागं नोंदी होत्या. उलट छायाचित्रकार डोरोथिया लँग यांचा १९३६ मधला स्थलांतरित आईचा फोटो जगभर गेला, पण त्यांनी बाईचं नावच विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव जगाला १९७८ मध्ये कळलं, आणि त्यांची तक्रार हीच होती की नाव विचारलं नाही आणि पैसाही मिळाला नाही.

जागेवरच वहीत लिहा: नाव (त्यांच्या तोंडून, त्यांना देण्याची इच्छा असेल तर), वय, वाडी, गाव, तालुका, तारीख, वेळ, काय चाललंय, किती माणसं. रापण (किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तर दोर किती जणांच्या हातात आहे ते मोजा. पाच वर्षांनी तो आकडा फोटोपेक्षा जास्त बोलेल. वाडीचं नाव लिहिताना जपा. आपल्याकडे वाडीच्या नावातून जात कळते. बातमीला त्याची गरज असेल तर लिहा, नसेल तर गाव पुरे.

घरी आल्यावर हीच ओळ फाइलच्या माहितीत भरा. बहुतेक फोटो-सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी जागा असते. नुसतं मेलमध्ये लिहून पाठवलं तर फोटो एकीकडे आणि ओळ दुसरीकडे होते.

८. पूर, दरड, आंदोलन

२२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं, त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गावावर दरड आली. अशा वेळी आधी स्वतःचा जीव सांभाळा. वाहत्या पाण्यात गुडघ्याच्या वर पाऊल टाकू नका, एकटे जाऊ नका, घरी सांगून जा. हात द्यायची वेळ आली तर कॅमेरा पिशवीत. मृतदेहांचे चेहरे नाहीत. रडणाऱ्या माणसाच्या तोंडासमोर लेन्स नाही.

खरं काम पाणी ओसरल्यावर आहे. पहिल्या दिवशी सगळे असतात, पंधराव्या दिवशी कुणी नसतं. तेव्हा जा. दुकानाच्या भिंतीवरची पाण्याची रेघ आणि तिच्याशेजारी उभा मालक. उन्हात पसरलेली खतावण्यांची पानं. गाद्यांचे ढीग. सहा महिन्यांनी तीच भिंत रंगवलेली असते, पण कोपऱ्यात रेघ राहिलेली असते. पहिल्या दिवसाचा, पंधराव्या दिवसाचा आणि सहा महिन्यांनंतरचा असे तीन फोटो शेजारी लावले की नुकसानीचा अर्थ कळतो.

आंदोलनाचं वेगळं. एप्रिल २०२३ मध्ये राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर (कातळाच्या माळावर) रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं तेव्हा गावकरी, विशेषतः बायका, उन्हात आडव्या आल्या. त्याच परिसरातल्या कातळांवर प्राचीन खोदचित्रं आहेत. अशा जागी फक्त घोषणा आणि पोलीस टिपून परत येऊ नका. प्रकल्प हवा म्हणणारा बेकार पोरगाही त्याच तालुक्यात राहतो, त्याच्या घरीही जा. पर्ससीन (मोठ्या यांत्रिक जाळ्यांच्या बोटीवाले) आणि पारंपरिक मच्छीमारांच्या भांडणातही तसंच, एकाच धक्क्यावर उभं राहिलात तर अर्धीच गोष्ट मिळेल.

आणि हे कुणी सांगत नाही: आंदोलनातल्या तुमच्या फोटोंवरून उद्या माणसं ओळखून गुन्हे दाखल होऊ शकतात. छापण्याआधी विचार करा की यातला कुठला चेहरा बातमीसाठी लागतो. न लागणारे सोशल मीडियावर टाकू नका.

९. पाठवणं, पैसे, साठवण

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर तो चेपला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एकाच घटनेचे पाच, फार तर सात. चाळीस पाठवलेत तर डेस्क त्यातला सगळ्यात वाईट लावेल, हा माझा अनुभव.

मानधन थोडं आहे. लग्नाची कामं करूनच बहुतेकांची चूल पेटते, त्यात लाज नाही. पण ठरवून घ्या: फोटो एकदाच छापणार की कितीही वेळा, नाव छापणार की नाही. स्वतःहून काढलेल्या फोटोचा हक्क कायद्यानं तुमचा असतो, नोकरीत किंवा पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढला तर गणित बदलतं. म्हणून दोन ओळींचा का होईना, लेखी मेल हवा. भारतात छायाचित्राचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणून तो मेल जपा. मूळ फाइल कुणालाही देऊ नका.

फोल्डरचं नाव तारखेनं सुरू करा: वर्ष, महिना, दिवस, मग गाव. दोन हार्ड डिस्क, त्यातली एक घराबाहेर. माझी मुंबईला मावशीकडे असते, मे महिन्यात ती येते तेव्हा बदलून नेते.

गेल्या गणपतीत एक चाकरमानी घरी आला. वडील वारले होते, रापणीवरचा त्यांचा एखादा फोटो आहे का विचारत होता. २०१७ चा चार मिनिटांत सापडला, वडील दोराच्या तिसऱ्या जागी होते. तो म्हणाला, "अजून एक आहे, २०१४ चा, त्यात त्यांच्यासोबत मीपण होतो." तो ज्या फोल्डरात असावा त्याचं नाव "न्यू फोल्डर (३)" आहे, आणि तसले माझ्याकडे अकरा आहेत. अजून शोधतोय.